केस कुणाचा

"हॅलो?… हां, बोल चिमे… नाही गं, कामात आहे, पण बोल तू. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत… थांब हं, फोन जरा खांद्यात धरते… हां. आता बोल."

समोर टेबलावर रबरी चटईवर घड्याळवाल्यांचा करडा बोका अंग पसरून पडला होता. मोठीने डाव्या हाताने त्याची मान अलगद धरली आणि उजव्या हाताने रुंद दातांचा कंगवा त्याच्या मांडीमागून फिरवायला घेतला. कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालणं, विंचरणं, त्यांची नखं कापणं यावर तिचं पोट होतं. पुढे काचेचं दार, मागे नळ आणि मोठा टब, मध्ये हे टेबल, एवढंच तिचं दुकान. इतक्या वर्षांत तिला एक शिस्त लागली होती. टेबलावर जनावर असताना आवाज चढवायचा नाही. बोलणाऱ्याचा आवाज चढला की मांजराची पाठ ताठ होते, आणि मग कंगवा राहतो बाजूला, नख्या येतात पुढे.

"कोणाला घेऊन जाऊ?… दुलईला? कुठे?… माझ्याकडे? चार दिवस ना?… कायमची?"

कंगवा थांबला. बोक्याने एक डोळा उघडला. मोठीने पुन्हा कंगवा चालू केला.

"चिमे, हळू. मला नीट कळत नाहीये. आधी सांग, घरात सगळे बरे आहेत ना?… बाळ?… काय झालं बाळाला?… पायाच्या बोटाला केस? गुंडाळला म्हणजे कसा?… घट्ट?… अरे देवा. कधी?… काल? मग काल फोन करायला काय झालं होतं तुला?… बरं, बरं, राहू दे ते. आता कसं आहे बोट? रंग सांग मला… गुलाबी. बाकीच्या बोटांसारखंच?… हात लावला तर रडतं?… नाही ना? दूध पितंय?… रात्री झोपलं?… मग झालं तर. अगं, मग अगदी छान आहे. आता बस खाली. उभी आहेस ना तू?… मला माहीत आहे, तू उभीच असणार. बस. बसलीस?… हं. आता पहिल्यापासून सांग."

धाकटी बहीण पहिल्यापासून सांगू लागली. तिचं बोलणं म्हणजे सुटलेला लोकरीचा गुंडा, टोक सापडेपर्यंत समोरच्याने नुसतं हं हं करायचं. मोठीने तेच केलं.

"हं… हं… दुपारपासून रडत होतं… पोट दुखत असेल असं वाटलं, बरोबर, कुणालाही वाटेल… मग?… कपडे काढून बघितलं, हं… मोजा काढला… जांभळं? कुठलं बोट?… मधलं. बाई गं… आणि घरी कोण होतं?… तू आणि सासूबाई. नवरा ड्युटीवर… टॅक्सी करून नेलंत. शाब्बास. सासूबाईंनी धरलं बाळाला?… आणि डॉक्टर काय म्हणाले?… भिंगातून बघितलं… केस कापून काढला. सगळा निघाला ना? पुन्हा बघितलं त्यांनी?… बघितलं, सूज उतरली, घरी पाठवलं. किती चांगलं झालं! वेळेवर बघितलंस तू, चिमे. मोजा काढून बघायचं सुचलं तुला, ते काही कमी नाही… अगं रडू नकोस. का रडतेस आता? संकट टळलं ना?"

धाकटीचं बाळ चार महिन्यांचं होतं. आणि दुलई पाच वर्षांची, म्हणजे धाकटीच्या लग्नाहून जुनी. कुणीतरी खोक्यात घालून या दुकानाच्या दाराशी सोडून दिलेलं पांढरंशुभ्र पिल्लू, गाठींनी इतकं भरलेलं की मांजर आहे की फाटक्या उशीतला कापूस, ते कळेना. मोठीने गाठी सोडवल्या, धाकटीने मांडीवर घेतलं आणि परत दिलंच नाही. अंगावर घेतली की ऊब येते म्हणून नाव ठेवलं दुलई. लग्नानंतर सासरी निघाली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात दुलईचा पिंजरा घेऊनच.

"म्हणजे दुलईचा केस होता तो, असं सगळ्यांचं म्हणणं?… कोण म्हणालं पहिल्यांदा?… सासूबाई. टॅक्सीतच?… आणि मग सकाळी जावईबापू म्हणाले, मांजर घरात नको… हं… नाही, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बापाचं काळीज आहे, घाबरणारच… आज संध्याकाळीच आणून सोडणार?… पिंजरा काढून ठेवलाय हॉलमध्ये. आणि ती?… त्यात जाऊन झोपली! बघ म्हणजे. तिला वाटलं असेल फिरायला जायचंय."

मोठीला हसू आलं, पण पलीकडून हुंदका ऐकू आला तसं तिने ते गिळलं.

"ऐक ना, चिमे. ऐक. आणायची असेल तर आणा, माझी काही ना नाही. माझ्याकडे तीन आहेत, चौथी जड नाही. पण घाईने नको. केस गळणं हा काही गुन्हा नाही, त्याला उपाय असतात. मी रोज दुसऱ्यांच्या मांजरांना तेच करते, माझ्याच बहिणीकडे करायचं राहून गेलं… नाही, सांग मला. किती गळतायत सध्या?… सोफ्यावर… त्याच्या काळ्या पँटवर, हो, ते तर व्हायचंच… बाळाच्या दुपट्यावर पण. हं. विंचरतेस तिला?… खरं सांग… बाळ झाल्यापासून नाहीच. अगं मग कसं होणार? लांब केसांचं मांजर आहे ते, रोज हात फिरवायला हवा. नाहीतर सुटलेले केस अंगातच अडकून राहतात, ती चाटते, गिळते, उरलेले घरभर… रागावत नाहीये मी. तुला स्वतःचं तोंड धुवायला वेळ नाही, मांजराला कुठून विंचरशील? ते मी समजू शकते."

बोक्याच्या काखेत एक गाठ लागली. मोठीने कंगवा बाजूला ठेवला, बोटांच्या चिमटीत गाठ धरून कडेकडेने सोडवायला सुरुवात केली. असली गाठ ओढून सुटत नाही.

"गाठी झाल्यात का तिला?… कानांमागे. आणि काखेत बघ, पोटाखाली, मांड्यांच्या मागे… कात्री लावू नकोस हं! अजिबात नाही. त्यांचं कातडं कागदासारखं पातळ असतं, गाठीबरोबर वर येतं, कळतसुद्धा नाही. बोटांनी सोडव. नाही सुटल्या तर मी येऊन मशीन फिरवीन. आणि आंघोळ घालू नकोस गाठी असताना, त्या आणखी आवळतात… रुंद कंगवा आधी, मग बारीक. पाच मिनिटं पुष्कळ झाली. ती पेंगत असेल तेव्हा… हो, सोफ्यासाठी रबरी हातमोजा ओला करून फिरव, भांडी घासायचा चालेल, केसांच्या सुरळ्या होऊन येतात… बाळाची दुपटी वेगळी धू, आणि दुलई तुझ्या उशीवर झोपते ना अजून?… झोपते. बरं. ते बघू नंतर. ओकते का?"

या प्रश्नावर धाकटी बरंच बोलली असावी. मोठीच्या भुवया जवळ आल्या.

"आठवड्यात तिसऱ्यांदा? ते जरा जास्तच आहे… कुठे ओकली?… त्याच्या बुटात! सकाळी पाय घातला त्याने?… अगंबाई. आणि त्यानंतर म्हणाला का, मांजर नको?… मग बरोबर आहे. बोटाचं दुःख एक आणि बुटाचं वेगळंच… आता हसलीस ना? हस. बरं, ऐक. खाते का व्यवस्थित?… शी होते?… नुसती खोकत, मान ताणून बसलीये आणि काहीच निघत नाही, असं होतं का?… नाही. केसांचा गोळा निघतो आणि मग लगेच खायला मागते. मग घाबरण्यासारखं नाही. खाणं सोडलं, शी बंद झाली, किंवा नुसती उमळत राहिली, तर मात्र थांबायचं नाही, सरळ तिच्या डॉक्टरकडे… तेल? कोण म्हणालं तेल पाजा?… सासूबाई. नको गं, तोंडात तेल ओतलं तर फुप्फुसात जातं. नको म्हणून सांग त्यांना, नीट सांग, त्या चांगल्यासाठीच म्हणतायत. गोळ्यासाठी पेस्ट मिळते ट्यूबमध्ये, मी देते, बोटावर घेऊन चाटवायची. पाणी जास्त पिऊ दे, दोन ठिकाणी वाट्या ठेव. ओलं खाणं दे… बघ, याला उपाय आहेत सगळे. कसा होता गोळा? मला सांग, मला त्यावरून कळतं… शी काय त्यात, माझं कामच आहे ते."

गाठ सैल झाली होती. मोठीने तिच्यातला मेलेला केस उपटून काढला आणि टेबलाच्या कडेला चिकटवला. तिथे करड्या केसांचा एक छोटा ढीग झाला होता.

"लांबट, बोटासारखा. हो, तसाच असतो… पांढरा, मातकट, हं… आणि? दोरा? कसला दोरा?… काळा दोरा लोंबत होता? चिमे, नीट सांग हं आता. दोरा मांजराला फार वाईट. शिवणाचा होता का? लोकरीचा?… मशीन तर तू काढलेलंच नाहीस कितीतरी दिवसांत… मग काळा दोरा आला कुठून? आहे का टाकलेला? कचऱ्यात?… जा, बघ. थांबते मी. बघ जा, चिमटा घे हातात."

मोठी थांबली. बोक्याने कूस बदलली आणि आपणहून दुसरी बाजू तिच्यापुढे केली.

"हां… बघितलंस?… दोरा नाही? मग?… केस. काळा. किती लांब?… वीतभर. एकच?… सात-आठ. बरं."

दुलई पायाच्या नखापासून शेपटीच्या टोकापर्यंत पांढरी. जावयाचे केस बारीक कापलेले, सासूबाईंचे पिकलेले, खांद्याच्याही वर. त्या घरात लांब काळे केस एकाच माणसाचे होते.

"चिमे… एक विचारू? डॉक्टरांनी काढला तो केस तू बघितलास का?… हातात दिला होता तुझ्या, कापसावर… किती वेढे होते बोटाला?… पाच-सहा. अगं, दुलईचा सगळ्यात लांब केस एवढ्याशा बोटाला दोन-तीन वेढे घेईल, फार तर. आणि तो इतका मऊ असतो, ओढला की तुटतो. तो आवळून बसणार नाही… मी काही म्हणत नाहीये. मी फक्त विचारते. रंग कसला होता?… चिमे?… हॅलो?… आहेस ना?"

ती होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"तुला माहीत होतं… केव्हापासून?… कापसावर बघितला तेव्हाच. हं… नाही, अगं नाही. नाही, चिमे. ऐक. हे बघ, ऐक ना माझं. तू काही केलेलं नाहीस. केस गळतो तेव्हा तो काय सांगून गळतो?… खूप गळतायत का?… मूठ भरून. आंघोळीच्या वेळी… जाळीत अडकतात. आणि तू ते कागदात गुंडाळून टाकतेस, कुणाला दिसू नये म्हणून… उशीवर पण. म्हणून तर दुलईच्या पोटात गेले, ती उशी चाटते… किती दिवस चाललंय हे? तीन आठवडे? आणि मला सांगितलं नाहीस? मी केसांचाच धंदा करते ना गं, माणसांच्या नसला तरी!"

धाकटी आता मोकळेपणाने रडत होती. मोठीने तिला रडू दिलं. कंगवा बोक्याच्या पाठीवरून एका संथ लयीत फिरत राहिला, आणि तिचा आवाज त्याच लयीत.

"होतं गं. बाळंतपणानंतर होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं. पोटात बाळ असताना जे गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम जातात. माझं झालं होतं ना, आठवत नाही? मी सहा महिने डोक्याला रुमाल बांधून हिंडत होते, तू मला गवळण म्हणायचीस… टकली नाही होणार तू. येतात परत. कपाळावर आधी अशी बारीक बारीक झालर येते, उभी राहणारी, माकडासारखी दिसशील थोडे दिवस… हस, हस. अगदीच वाटलं तर डॉक्टरांना दाखव, कधी रक्त कमी असतं. पण हा आजार नाही, आणि पापही नाही… बाळाचं म्हणशील तर केस बांधून ठेव, मोजे उलटे करून झटक, रोज बोटं बघ, हाताची आणि पायाची. बस. एवढंच. ज्या आयांना हे होतं त्या काय वाईट असतात सगळ्या?"

मग धाकटीने काहीतरी मागितलं. मोठीचा हात पुन्हा थांबला.

"सांगू नको? कुणाला?… नवऱ्याला. आणि सासूबाईंना… आणि दुलई?… म्हणजे तिने गुपचूप पिंजऱ्यात बसून निघून यायचं. चिमे, अगं, चोर सोडून संन्याशाला सुळी झाली ही… चोर तू नाहीस, म्हण आहे ती. पण संन्यासी तर आहे ना बिचारी. पाच वर्षं उशाशी झोपली तुझ्या, आणि तिचाच केसाने गळा कापायचा?… हो, मला कळतंय. कळतंय गं… बाळ रडलं तर तुझं दूध कमी, बाळाला सर्दी झाली तर तू पंखा लावलास, असं म्हणतात का त्या?… म्हणत नाहीत. मग?… तुला वाटतं की त्यांना वाटतं. अच्छा. आणि आता हे बोटाचं कळलं तर आई म्हणून तू संपलीस, असं… कोण म्हणालं असं?… कुणीच नाही. तूच."

काचेच्या दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात बोक्याचे सुटे केस तरंगत होते. मोठी त्यांच्याकडे बघत राहिली. शब्द द्यावा तर मांजराचं घर जातं, न द्यावा तर बहिणीचा विश्वास.

"बरं. मी नाही सांगणार. माझ्या तोंडून नाही जाणार. पण दुलई इथे आली आणि उद्या पुन्हा बाळाच्या बोटाला केस निघाला, तर? मग कुणाला पिंजऱ्यात घालणार? घरात ज्यांना लक्ष ठेवायचंय त्यांना कशावर लक्ष ठेवायचं तेच माहीत नाही… विचार कर. मी म्हणत नाही आत्ताच बोल… उठलं का बाळ? ऐकू येतंय. जा, घे त्याला… कोण?… अगं त्यांना कशाला देतेस फोन, चिमे, मी काय बोलू त्यांच्याशी… हॅलो?… हां, नमस्कार काकू. मी मोठी बोलतेय. कशा आहात?"

मोठी सावरून उभी राहिली, जणू सासूबाई दारातून आत आल्या होत्या. फोन खांद्यातून काढून तिने हातात धरला.

"हो, सांगितलं तिने सगळं. तुम्ही होतात म्हणून बरं झालं, काकू. ती एकटी असती तर… हो ना… हो, दुलईचं पण सांगितलं. मी तिला पेस्ट देते, आणि रोज विंचरलं की निम्मे केस कमी होतील… नाही, तेल नको. पोटाचं नाही, ते फुप्फुसात जायची भीती असते… काय म्हणालात?… ऐकू येत नाहीये, काकू… गॅलरीत येताय? बरं, या… हां, आता येतंय. बोला."

मोठी नुसतं मधूनमधून 'हो' म्हणत राहिली, आणि दर 'हो'ला तिचा चेहरा बदलत गेला.

"तुम्हाला माहीत आहे?… कालपासून?… त्याच्याही आधीपासून. न्हाणीघराची जाळी रोज पहाटे तुम्ही साफ करता… ती कागदात गुंडाळते त्यातून उरलेले. तिला वाटतं तिच्याशिवाय कुणी बघितलं नाही… मग टॅक्सीत तुम्हीच कशाला म्हणालात, मांजरीचा केस म्हणून?… हो… हो… चेहरा पांढरा पडला होता तिचा. आणि टॅक्सीवाला पण वळून बघत होता. म्हणून जे पहिलं तोंडात आलं ते… काकू, किती चांगलं केलंत! म्हणजे चांगलं नाही केलंत, पण किती चांगलं केलंत… आणि मुलगा एकदम मांजरच काढायला निघेल असं वाटलं नाही तुम्हाला. मग सकाळी का नाही बोललात त्याला?… बोललात तर सूनबाईचं नाव पुढे येतं. हो. खरं आहे… नाही, मी नाही सांगणार तिला. तुम्ही म्हणताय तर… दुपारी तुमच्या पायाशी बसते का दुलई? पेपर वाचताना?… त्या पेपरावरच. मग कसं वाटेल तुम्हाला ती गेल्यावर?… हं. सवय होईल म्हणता."

मोठीने डोळे मिटून घेतले. दोन बायका एकाच घरात, एकमेकींना सांभाळून घ्यायला धडपडत होत्या, आणि दोघींनी आपापलं गुपित हिच्या खांद्यावर ठेवलं होतं. दोघींना शब्द देऊन झाला होता. तो पाळायचा तर संध्याकाळी पिंजरा येणार. आणि धाकटी पुढेही कागदाच्या पुड्या करत राहणार, सासूबाई पहाटे उठत राहणार.

बोक्याने जांभई दिली. मोठीने एक लांब श्वास घेतला.

"काकू, मी एक सांगते, लहान तोंडी मोठा घास होईल. मी आत्ताच तिला एक वचन दिलं आणि तुम्हाला एक. ती दोन्ही मला एकदम पाळता येणार नाहीत. म्हणजे पाळता येतील, पण त्यात कुणाचं भलं होत नाही… तुम्ही आत जाल का? ती आहे तिथे… हो, आत्ता. बाळाला घेऊन बसली असेल ना?… जा. आणि तो फोन स्पीकरवर टाका… खालच्या बाजूला चित्र असेल, आवाज बाहेर येतोय असं… दाबलंत? हॅलो? चिमे, ऐकू येतंय तुला?… काकू, तुम्हाला?… बसा ना दोघी. काकू, तुम्ही पण बसा."

तिचा आवाज जराही चढला नाही. उलट आणखी खाली आला. भेदरलेलं मांजर टेबलावर आलं की येतो तसा.

"हे बघा. म्हणतात ना, मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही. तुमच्या घरात उलटं चाललंय. दूध तुम्ही दोघी पिताय डोळे मिटून, आणि मांजर बिचारं उघड्या डोळ्यांनी बघतंय… चिमे, गप्प. एक मिनिट. मला शिव्या नंतर दे. तो केस कुणाचा ते तुला माहीत आहे, आणि ते तुझ्या सासूबाईंना पण माहीत आहे. आधीपासून. जाळी त्या साफ करतात. टॅक्सीत मांजरीचं नाव त्यांनी घेतलं ते तुझ्यासाठी… हो, तुझ्यासाठी. आता तू त्यांच्याकडे बघ, माझ्याशी बोलू नकोस… काकू, रागावू नका, मी शब्द मोडला. दोघींचाही मोडला. पण मला दुसरं सुचेना."

पलीकडे एकदम शांत झालं. मोठीला वाटलं फोन कट झाला. तिने तो कानापासून दूर धरून बघितला, मिनिटांचे आकडे पुढे सरकत होते. तिने पुन्हा कानाला लावला.

मग आवाज यायला लागले, पण शब्द नीट कळेनात. एक आवाज खाली-वर होणारा, तो धाकटीचा. एक सपाट, मध्येच अडखळणारा, तो सासूबाईंचा. बाळाने काहीतरी खडखड वाजवलं. खुर्ची सरकली.

"चिमे?… नवऱ्याला कोण सांगणार, ते पण ठरवा. मांजराच्या गळ्यात घंटा… कोण? तू सांगते म्हणालीस? तूच?… ऐकलंत का काकू? ती सांगतेय… नाही, फोनवर नको. घरी आला की जेवून झाल्यावर, समोर बसून. आणि काकू, तुम्ही तिथेच बसा, पण मध्ये बोलू नका… हो, म्हणजे अगदीच गरज पडली तर बोला… तो समजून घेईल गं. घाबरला होता तो, वाईट नाहीये. पेस्ट मी उद्या घेऊन येते, दुलईच्या गाठी पण बघते. आणि तुझ्या… हॅलो?"

कुणी तिचं ऐकत नव्हतं. सासूबाई कशावरून तरी धाकटीला चांगलंच फैलावर घेत होत्या, बहुधा तीन आठवडे एकटीने सोसलं यावरून, आणि धाकटी त्यांना उलट उत्तर देत होती. लग्न झाल्यापासून तिने सासूला उलट उत्तर दिल्याचं मोठीच्या ऐकिवात नव्हतं. मग दोघी एकदमच बोलल्या, आणि एकदमच थांबल्या. त्यानंतर जे ऐकू आलं ते आधी रडणं वाटलं, पण ते हसणं होतं, नाकातून येणारं, दाबायचा प्रयत्न करूनही न दबणारं, आणि ते एकीचं नव्हतं.

"हॅलो? चिमे?… काकू?… मी आहे हं फोनवर… हॅलो?"

मोठी आणखी थोडा वेळ थांबली. तासभर तिच्यावाचून ज्यांचं पान हलत नव्हतं, त्या दोघींना आता ती फोनवर आहे याचाही विसर पडला होता.

"बरं," ती फोनला म्हणाली, "चालू द्या." आणि तिने फोन ठेवला.